तलवार खाली ठेवल्यावर : लढाईविना भटकंतीचे व्हिडिओ गेम

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने दिलेल्या व्याख्यानाची संपादित संहिता)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत ‘व्हिडिओ गेम’ हे शब्द छापलेले पाहून काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावल्या, असे संयोजकांनी मला आधीच सांगून ठेवले आहे. ते स्वाभाविक आहे. याच व्यासपीठावर गेल्या रविवारी ज्ञानेश्वरीवर विवेचन झाले; त्यानंतर माझा विषय म्हणजे गाभाऱ्यातून थेट जत्रेत आल्यासारखे वाटणार. तरीही मी तो बदलून मागितला नाही, कारण या शाळेतून बाहेर पडल्यावर मी पोटापाण्यासाठी जे करते ते हेच आहे. गेली चौदा वर्षे मी हैदराबादेतच व्हिडिओ गेमसाठी भूदृश्ये घडवते. दगड, झाडे, ओढे, पडक्या भिंती, पायवाटा. ‘आज ऑफिसात काय केलेस?’ असे आई विचारते, तेव्हा त्याचे प्रामाणिक उत्तर बहुधा ‘दगड फिरवले’ असेच असते.

व्हिडिओ गेम म्हटले की पालकांच्या डोळ्यांपुढे बंदूक येते. ही समजूत निराधार नाही. मी घडवलेल्या दगडांपैकी बहुतेकांच्या आड कोणी ना कोणी बंदूक घेऊन लपलेलेच असते. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत या झाडाला एक वेगळी फांदी फुटली आहे. या गेममध्ये एक विस्तीर्ण प्रदेश असतो, तिथे मनाला येईल त्या दिशेने जाता येते, आणि कोणी मारायला येत नाही. शत्रू नाही, आयुष्याची घटत जाणारी पट्टी नाही, बहुतेकदा घड्याळही नाही. मग तिथे करायचे काय? चालायचे, पाहायचे, कोणी भेटले तर दोन शब्द बोलायचे. एवढ्यासाठी लोक पैसे मोजतात आणि रात्र रात्र त्यात रमतात, हे मला आज समजावून सांगायचे आहे.

प्रारंभी या प्रकाराची थट्टाच झाली. २०१२ साली ‘डिअर एस्थर’ नावाचा गेम आला. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज द्वीपसमूहातले एक निर्जन बेट, वारा, समुद्र आणि एका अदृश्य निवेदकाचा आवाज. खेळणाऱ्याने फक्त चालायचे. ‘याला गेम म्हणायचे का?’ असा वाद पेटला, आणि अशा गेमना ‘वॉकिंग सिम्युलेटर’, म्हणजे चालण्याची नक्कल करणारे यंत्र, असे कुत्सित नाव पडले. पुढे ते नाव निर्मात्यांनी आणि चाहत्यांनी निमूटपणे स्वीकारले. पुढच्याच वर्षी एड की आणि डेव्हिड कनागा या दोघांचा ‘प्रोटियस’ आला. त्यातले बेट दर खेळी नव्याने तयार होते. झाडाजवळ गेलात की एक सूर उमटतो, बेडकामागे धावलात की दुसरा. चालणाऱ्याच्या वाटेनुसार संगीत घडत जाते. चार ऋतू उलटतात आणि गेम संपतो. माझ्या एका सहकाऱ्याने तो दहा मिनिटांत बंद केला. ‘यात काही होतच नाही,’ तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि हा प्रकार सर्वांसाठी आहे असा माझाही दावा नाही.

अशा गेमना सरसकट ‘शांत’, ‘आरामदायी’, ‘ताण घालवणारे’ म्हटले जाते. जाहिरातीही त्याच शब्दांत होतात. मला ती वर्णने अपुरी वाटतात. आराम हवा असेल तर झोपावे. त्यासाठी डोंगर चढण्याची गरज नाही. या गेममध्ये नेमके काय घडते, ते कळण्यासाठी एक उदाहरण मला फार उपयोगी वाटते.

२०१७ साली युबिसॉफ्ट या कंपनीचा ‘असॅसिन्स क्रीड ऑरिजिन्स’ प्रसिद्ध झाला. त्यात क्लिओपात्राच्या काळातला इजिप्त उभारला होता : अलेक्झांड्रिया, मेम्फिस, गिझाचे पिरॅमिड, नाईलच्या काठची शेते, पलीकडचे वाळवंट. कथा सूडाची होती आणि हाती शस्त्रे होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच कंपनीने त्याच गेमची ‘डिस्कव्हरी टूर’ ही आवृत्ती काढली. तिच्यातून शत्रू, शस्त्रे आणि कथानक काढून टाकले. उरला तो नुसता देश. त्यात ७५ मार्गदर्शित सहली ठेवल्या : ममी कशी तयार करीत, पाव कसा भाजीत, दीपगृह कसे बांधले. सहल नको असेल तर उंटावर बसून कुठेही जावे.

तेच नगर, त्याच भिंती, तोच सूर्यप्रकाश. फरक एवढाच की एका आवृत्तीत तलवार आहे, दुसरीत नाही. इतका स्वच्छ प्रयोग आमच्या व्यवसायात क्वचितच घडतो. मी दोन्ही खेळले आहे. मूळ गेममध्ये भिंत दिसली की मन विचारी, हिच्यावर चढता येईल का, हिच्याआड लपता येईल का. माणूस दिसला की प्रश्न एकच : हा पहारेकरी आहे का? डिस्कव्हरी टूरमध्ये त्याच भिंतीपाशी मी पहिल्यांदा थांबले आणि तिच्यावरचे रंग पाहिले. कोणीतरी माझ्यासारख्याच कारागिराने आठवडे खर्चून ते रंग उडाल्यासारखे रंगवले होते. धोका असला की दृष्टी अरुंद होते. प्रत्येक वस्तू आपल्या उपयोगापुरती उरते. धोका दूर केला की दगड पुन्हा दगड होतो. दगड घडवणारी म्हणून यात माझा स्वार्थ आहे, हे मान्य.

या आवृत्तीतली एक गोष्ट शाळेच्या व्यासपीठावरून सांगितलीच पाहिजे. एका ठिकाणी प्राचीन इजिप्तमधला वर्ग भरलेला दिसतो आणि त्यात मुलांबरोबर मुलीही बसलेल्या आहेत. शेजारीच निर्मात्यांची टीप आहे की, त्या काळी असे नव्हते. आम्ही जाणीवपूर्वक हा बदल केला आहे. कल्पना कुठे केली आणि पुरावा कुठे आहे, हे खेळणाऱ्याला उघड सांगण्याची ही रीत मला आवडली. कित्येक ऐतिहासिक चित्रपट एवढेही करीत नाहीत.

आता शस्त्रे नुसती काढून टाकली म्हणजे झाले, असे नाही. रिकाम्या मैदानात माणूस पाच मिनिटांत कंटाळतो. लढाई गेली की तिच्या जागी पाहण्याजोगे काही असावे लागते आणि ‘पलीकडे काय असेल?’ हा प्रश्न सतत जागा ठेवावा लागतो. याचे शास्त्र आहे. २०१७ साली जपानमधील एका परिषदेत निन्टेन्डोच्या रचनाकारांनी ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या त्यांच्या गेमविषयी सांगितले की, त्यांनी भूप्रदेश त्रिकोणांनी रचला. त्रिकोणी टेकडी आपल्यामागचे दृश्य झाकते. तिच्यावर चढावे की वळसा घालून जावे, हे चालणाऱ्याने ठरवायचे. आणि दोन्ही वाटांनी काहीतरी हळूहळू उघडत जाते. अंतरे किती असावीत हे ठरवताना त्यांच्या दिग्दर्शकाने क्योतो शहराचा नकाशा गेमच्या जगावर अंथरून पाहिला होता. त्या गेममध्ये लढाया पुष्कळ आहेत, पण त्यातील भटकंतीची ही युक्ती आज शांत गेमही वापरतात.

आमची कामगिरी त्याहून खालच्या पातळीवरची. दहा-बारा दगड नीट घडवायचे आणि तेच फिरवून, उलटे करून, लहान-मोठे करून, कुठे शेवाळ चढवून हजारो ठिकाणी ठेवायचे. पाहणाऱ्याला पुनरुक्ती जाणवता कामा नये. दगड घडवण्याआधी खऱ्या दगडाची सर्व बाजूंनी शेकडो छायाचित्रे घेतात आणि त्यांवरून संगणक त्याचा आकार उभा करतो. या कामासाठी मला कोणी शिकवणी दिली नाही, पण आमच्या भूगोलाच्या बाईंनी आठवीत सांगितलेले एक वाक्य फार कामी आले : दगड कसा दिसतो ते पाहू नका, तो तसा का झाला ते विचारा. हैदराबादचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला चिरा पडल्या, चिरांतून पाणी मुरले, कोपरे झिजून गोल झाले, भोवतालची माती वाहून गेली आणि एकावर एक तोललेले धोंडे उघडे पडले. हे ठाऊक असेल तर तो धोंडा पडद्यावर खोटा दिसत नाही.

लढाईविना भटकंतीचे माझ्या मते दोन उत्तम नमुने आहेत. दोन्ही २०१९ सालचे.

पहिला ‘ईस्टशेड’. यात आपण प्रवासी चित्रकार असतो. आई मृत्युशय्येवर आहे. तिने तरुणपणी पाहिलेल्या आवडत्या जागा आपण पाहाव्यात आणि रंगवाव्यात, अशी तिची अखेरची इच्छा. तेवढ्यासाठी ते बेट गाठायचे. चित्रासाठी कॅनव्हास लागतो, तो लाकडाच्या फळ्या आणि कापड जमवून स्वतः करायचा. परंतु त्याहून महत्त्वाचे भांडवल म्हणजे स्फूर्ती. ती विकत मिळत नाही. नवी जागा पाहिली, पुस्तक वाचले, चहाचा निवांत कप घेतला की ती वाढते. चित्र काढले की खर्च होते. म्हणजे एकाच जागी बसून चित्रांमागून चित्रे काढता येत नाहीत. उठून काही पाहावेच लागते. इतर गेममध्ये जी जागा दारूगोळ्याची, ती इथे पाहण्याला दिली आहे. डॅनी वाइनबॉम हा त्याचा प्रमुख निर्माता पूर्वी एका मोठ्या कंपनीत माझ्यासारखेच भूदृश्याचे काम करीत असे. तो ते सोडून बाहेर पडला आणि ज्यात भूदृश्य हेच नायक आहे असा गेम त्याने केला. आमच्या धंद्यातल्या अनेकांचे ते मनातले स्वप्न आहे.

दुसरा ‘अ शॉर्ट हाइक’, अॅडम रॉबिन्सन-यू या कॅनेडियन तरुणाने जवळजवळ एकट्याने केलेला. क्लेअर नावाचा एक पक्षी सुट्टीत मावशीकडे डोंगराळ अभयारण्यात आला आहे. तिला एका महत्त्वाच्या फोनची प्रतीक्षा आहे आणि मोबाइलला रेंज फक्त शिखरावर मिळते. एवढीच कथा. सरळ निघालात तर तास-दीड तासात वर पोहोचाल. पण सरळ कोणीही जात नाही. वाटेत कोणाचे काही हरवलेले असते, कोणी मासे पकडत असतो, कोणाला शर्यत लावायची असते. कोपऱ्यात नकाशा नाही, अमुक इतके टक्के काम झाले असे सांगणारा आकडा नाही. सोनेरी पिसे सापडली की थोडे अधिक उंच चढता येते. शिखरावर पोहोचल्यावर तो फोन कोणाचा असतो ते मी सांगणार नाही. त्यानंतर पंख पसरून, ज्या बेटावर एवढा वेळ पायी फिरलो ते सगळे एका दमात वरून पाहत खाली उतरायचे. ज्या वाटा आपण चुकत-माकत शोधल्या त्या खाली रेषांसारख्या दिसतात. २०२० साली स्वतंत्र निर्मात्यांच्या महोत्सवात या छोट्या गेमला सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

अशा भटकंतीची ओढ आजच एवढी का वाढावी? शिगेरू मियामोतो या जपानी रचनाकाराने १९८६ साली ‘झेल्डा’ ही मालिका सुरू केली. तिची मुळे त्याने स्वतःच सांगितली आहेत. क्योतोजवळच्या सोनोबे गावी लहानपणी तो डोंगरांत एकटा हिंडे. एकदा त्याला गुहा सापडली आणि तो कंदील घेऊन तिच्यात शिरला. तो थरार त्याला पडद्यावर आणायचा होता. आपल्यापैकी चाळिशीच्या पुढच्यांना गुहा नसली तरी खडक होते. शाळा सुटल्यावर दप्तर पाठीला लावूनच आम्ही धोंड्यांच्या राशींमधून घरी जात असू. वाट लांबची होती म्हणूनच ती पसंत होती. कोणता धोंडा हलतो, कोणत्या फटीत घोरपड राहते, पावसाळ्यानंतर पाणी कुठे साचते, हे सारे ठाऊक असे. उशीर झाला की बोलणी बसत. पण ‘कुठे होतीस?’ याला ‘खडकांवर’ हे पुरेसे उत्तर होते.

ते खडक आता कुठे आहेत, हे या सभागृहात निराळे सांगायला नको. सुरुंग लावून ते फोडले गेले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्याच एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर बसून मी दगड घडवते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती एकटी फाटकाबाहेर जात नाही आणि मीही तिला पाठवीत नाही. रस्ता ओलांडणे मोठ्यांनाच अवघड झाले आहे. तिचा दिवस शाळा, शिकवणी, पोहण्याचा वर्ग असा कप्प्याकप्प्यांचा. ‘आज तू स्वतः ठरवून कुठे गेलीस?’ असे मी तिला विचारले, तर तिला फक्त पडद्यावरच्या जागा सांगता येतील. या प्रकारच्या गेमची मोहिनी मला इथे दिसते. कुठे वळायचे, किती थांबायचे, हे तिथे तिचे ती ठरवते.

मग हे खऱ्या भटकंतीला पर्याय आहेत का? नाहीत. ऊन लागत नाही, तहान लागत नाही, गुडघा फुटत नाही, कण्हेरीचा वास येत नाही. आम्ही कितीही घाम गाळला तरी आमचा धोंडा तापत नाही. आणि खडकांवर आम्ही सातजणी असायचो. पडद्यापुढे मूल बहुधा एकटे असते. जी गोष्ट आपण मुलांकडून काढून घेतली तिचे चित्र आपण त्यांना विकतो आहोत, हा आक्षेप माझ्याच व्यवसायावर आहे आणि तो मला खोडून काढता येत नाही.

तरीही चित्राला किंमत नसते असे मी म्हणणार नाही. माझे बाबा निवृत्तीनंतर दर रविवारी मौलाअलीची टेकडी चढत. सहा वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचन दहा मिनिटांपलीकडे होईना, दूरदर्शनवरच्या बातम्यांनी चिडचिड होई. मी त्यांना ‘प्रोटियस’ लावून दिला. डाव्या हाताने जमेल एवढेच त्यात करावे लागते. पहिले काही दिवस ते माझ्या समाधानासाठी बसले असावेत. नंतर संध्याकाळी जेवताना सांगू लागले, ‘आज पलीकडच्या किनाऱ्याने गेलो. तिकडे बुरूज आहे.’ पुष्कळ महिन्यांनंतर त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही होते, जे आम्ही कोणी पाहिलेले नव्हते. टेकडीची सर त्याला नव्हती, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? पण ते ‘गेलो’ म्हणत, ‘पाहिले’ म्हणत नसत.

अशा गेमचा मनावर काय परिणाम होतो, असे पालक विचारतात. टाळेबंदीच्या तोंडावर, मार्च २०२० मध्ये, ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ हा बेटावर निवांत राहण्याचा गेम आला आणि पहिल्या सहा आठवड्यांत त्याच्या एक कोटी चौतीस लाख प्रती खपल्या. त्याच वर्षी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तो आणि आणखी एक गेम खेळणाऱ्यांची प्रत्यक्ष खेळलेल्या वेळेची नोंद तपासली. जास्त खेळणाऱ्यांनी स्वतःला किंचित अधिक बरे वाटत असल्याचे सांगितले होते. वर्तमानपत्रांनी त्याचे मोठे मथळे केले. २०२२ साली त्याच गटाने सात गेम आणि सुमारे ३९ हजार खेळाडू घेऊन मोठा अभ्यास केला, तेव्हा खेळण्याच्या वेळेचा मनःस्वास्थ्यावर चांगला वा वाईट असा जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. तेव्हा ‘शांत गेम हे औषध आहे’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि ‘विष आहे’ असे सांगणाऱ्यावरही.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगा. मोबाइलवर ‘निवांत’ म्हणवणारे कित्येक गेम फुकट मिळतात. त्यांत शेत असते, मांजर असते, मंद संगीत असते. पण रोज हजेरी न लावल्यास पीक सुकते, आणि वाट पाहायची नसेल तर पैसे भरावे लागतात. तलवार नाही म्हणून तिथे शांतता आहे असे समजू नका. मी पारखताना एवढेच पाहते : चार दिवस गेम उघडला नाही तर तो मुलाला शिक्षा करतो का? एकदा पैसे दिल्यावर पुन्हा मागतो का? आणि त्याला शेवट आहे का?

शिक्षकांसाठी एक बातमी. मॉन्ट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी शाळकरी मुलांवर ‘डिस्कव्हरी टूर’ वापरून पाहिली. अलेक्झांड्रियाची सहल केलेली मुले खरोखर काही शिकली. ज्यांना तोच भाग शिक्षकांनी वर्गात शिकवला, ती त्यांच्याहून अधिक शिकली. (टाळ्या.) ही टाळी गुरुजनांकडूनच आली, हे इतिवृत्तात नोंदवावे.

मुख्याध्यापिकाबाईंच्या अनुमतीने संगणक कक्षातील दोन यंत्रांवर ‘अ शॉर्ट हाइक’ बसवून ठेवला आहे. मुलांच्या आधी पालकांनी तो खेळावा, अशी माझी विनंती आहे. दोन तास पुरतात. शक्यतो आपले मूल शेजारी बसवा आणि वाट त्याला विचारू नका. महोत्सव संपेपर्यंत रोज चारनंतर कक्ष उघडा राहील. साडेसहाला मामा कुलूप लावतात, आणि तुम्ही शिखराच्या कितीही जवळ असलात तरी ते थांबत नाहीत.